बऱ्हाणपूरच्या आसपास सायकलीचे सोपे रस्ते

एकेकाळी बऱ्हाणपुरात सायकल हेच वाहन होते. पॉवरलूमच्या पाळीला जाणारे कामगार, लालबागला गाडी पकडायला निघालेले प्रवासी, कॉलेजची मुले आणि बँकेत दहाच्या ठोक्याला पोहोचणारे आम्ही, सगळे सायकलीवरच असायचो. मग स्कूटर आली आणि सायकली जिन्याखाली गेल्या. निवृत्तीनंतर आमच्यापैकी काही जणांनी त्या पुन्हा बाहेर काढल्या. कोणाला साखरेसाठी, कोणाला गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितले होते.

सुरुवातीला आम्ही एक चूक केली. रस्ता रुंद आणि गुळगुळीत म्हणून इच्छापूरकडे जाणाऱ्या हायवेवर सायकली घातल्या. एका सकाळी मागून आलेल्या ट्रकचा धक्का लागून आमच्यातले एक सोबती पडले. खुब्याचे हाड मोडले, तीन महिने अंथरुणात गेले. त्यांच्या घरून सायकल बंद झाली आणि आमच्या घरूनही तसेच बोलणे सुरू झाले. त्यानंतर आम्ही एक नियम केला: हायवे फक्त ओलांडायचा, त्यावरून सायकल चालवायची नाही. ही यादी त्या नियमातून तयार झाली आहे.

इंग्लंडमध्ये २००० सालच्या वाहतूक कायद्याने स्थानिक प्रशासनाला खेड्यांतले कमी रहदारीचे रस्ते ‘शांत रस्ते’ म्हणून जाहीर करता येतात. अशा रस्त्यावर पायी चालणारा, सायकलवाला आणि घोडेस्वार यांची आठवण मोटारवाल्याने ठेवायची असते. ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी असे रस्ते पाहिले असतील. आपल्याकडे असे फलक नाहीत. म्हणून शांत रस्ता आपला आपणच शोधावा लागतो.

जमिनीचा उतार आणि वारा

आपले गाव तापीच्या उत्तर काठावर आहे आणि त्याच्याही उत्तरेला सातपुडा. नदीकडून डोंगराकडे जमीन हळूहळू वर चढते. डोळ्यांना चढ दिसत नाही, पण मांड्यांना कळतो. म्हणून जाताना उत्तरेकडे आणि येताना नदीकडे असा रस्ता निवडला, तर दमलेले पाय उताराला लागतात. नदीपलीकडे दक्षिणेला गेल्यास हिशोब उलटा होतो. तिकडे परतताना पुलावर थोडा दम राखून ठेवावा.

दुसरा हिशोब वाऱ्याचा. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर वारा पश्चिमेकडून येतो आणि तापीच्या खोऱ्यातून सरळ वाहतो. त्या दिवसांत आधी पश्चिमेला, म्हणजे वाऱ्यासमोर जावे. येताना वाराच ढकलत आणतो.

पुढे किलोमीटरऐवजी वेळ दिला आहे, कारण आमच्या वयात तोच हिशोब खरा. तो जाऊन-येऊन, थांब्यासकट आणि सावकाश चालीचा आहे.

१. लालबाग आणि कुंडी भंडारा: दीड ते दोन तास

नवशिक्यांनी येथून सुरुवात करावी. स्टेशनाकडे जाणारा रस्ता दिवसा ऑटोंनी भरलेला असतो, म्हणून उजाडताच निघावे. लालबागच्या पुढे वस्ती विरळ होते आणि कुंड्यांची रांग दिसू लागते. वरून त्या साध्या विहिरींच्या तोंडांसारख्या दिसतात. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, ही योजना झाली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखाली अडवून बोगद्याने शहराकडे आणले. शंभरावर कुंड्या या बोगद्याला हवा आणि साफसफाईसाठी वाट देतात. पाणी वाहते ते निव्वळ उताराने. तोच उतार परतताना आपल्या सायकलीला मिळतो, हे नातवंडांना सांगितले की त्यांना पटकन समजते.

२. जैनाबाद आणि आहूखाना: दीड तास

पुलावरून तापी ओलांडली की जैनाबाद. पुलावर रहदारी असते, तेवढा भाग सायकल हातात धरून पायी जावे. यात कमीपणा नाही. आहूखाना म्हणजे हरणांचा बाग. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी येथे दफन केले होते. सुमारे सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. हिवाळ्यात येथून नदीपलीकडे शाही किल्ल्याच्या भिंतींवर पडलेले कोवळे ऊन दिसते. एवढ्यासाठी आम्ही हा रस्ता महिन्यातून एकदा तरी करतो.

३. राजाची छत्री, बोहरडा: दोन तास

मिर्झाराजे जयसिंग मराठी माणसाला पुरंदरच्या तहामुळे, १६६५ सालापासून, माहीत आहेत. दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये, दक्षिणेतून परतताना ते बऱ्हाणपुरात वारले. बोहरडा गावाजवळ, मोहना आणि तापीच्या संगमापाशी त्यांची छत्री आहे. रस्ता शेतांमधून जातो, दोन्ही बाजूंना केळी आणि कापूस. संगमाजवळ मऊ माती असते, तेथे सायकल उभी करून चालत जावे. पाण्यात उतरू नये.

४. बहादरपूर, लोणीच्या बाजूला: दीड ते दोन तास

बहादरपूर म्हटले की १६८१ सालच्या जानेवारीतली बहादूरपुऱ्याची लूट आठवते. शंभूराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी हंबीरराव मोहित्यांनी बऱ्हाणपूरच्या या श्रीमंत उपनगरावर छापा घातला होता. हा रस्ता पुढे रावेर, सावदा, फैजपूरकडे जातो. अनेकांचे सोयरेधायरे त्याच रस्त्यावर आहेत, त्यामुळे पुढे जाण्याचा मोह होतो. तो आवरावा. केळीची काढणी जोरात असली की ट्रक आणि ट्रॅक्टर पहाटेपासून सुरू होतात. गावात पोहोचल्यावर मुख्य रस्ता सोडून शिवारातल्या डांबरी फाट्यांना लागावे आणि आल्या वाटेने परतावे.

यादीत न घेतलेली ठिकाणे

असीरगड पाहण्यासारखाच आहे, पण तिकडे हायवे आणि चढ दोन्ही आहेत. इच्छादेवीचे दर्शनही मोटारीनेच घ्यावे. उतावळी नदीवरचा महल गुलारा सुंदर आहे, परंतु अंतर मोठे. फोपनारला १९६४ साली बुद्धाच्या प्राचीन कांस्यमूर्ती सापडल्या. त्या आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. गाव पाहायचे तर चारजण मिळून गाडीने जावे.

केव्हा जावे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून आठच्या आत घरी यावे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सायकल विसरावी. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही, म्हणून डांबर सोडू नये. नाल्याच्या रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोटाभर दिसले तरी परत फिरावे.

सोबत काय असावे

पंप, एक जादा ट्यूब, पाणी, गुळाचा खडा, मोबाईल, आणि कागदावर लिहिलेले नाव, रक्तगट व घरचा नंबर. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये. मागे लाल दिवा हवाच, हिवाळ्यात नदीकाठी धुके असते. गियरची सायकल नसली तरी यांतला प्रत्येक रस्ता साध्या सायकलीने होतो, मात्र सीट नीट उंचीवर असावी. पॅडल खाली असताना गुडघा किंचितच वाकला पाहिजे. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणाऱ्यांपैकी बरेच जण सीट फार खाली ठेवून चालवत असतात.

परत आल्यावर पोहे खावेत. मावा जलेबीचा विषय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी ठरवावा.

आमचे ते सोबती आता पुन्हा येतात, लालबागपर्यंतच, आणि मध्ये दोनदा थांबून. निघताना त्यांच्या घरून एकच प्रश्न असतो, “आज कोणता रस्ता?” मंडळातल्या सगळ्यांना आमची हीच विनंती आहे. कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगूनच निघा. रस्ता बदललात तर फोन करा. आणि आपल्याला एखादा शांत फाटा माहीत असेल तर मंडळाला कळवा, तो आम्ही आधी चालवून पाहू आणि मग यादीत घालू.