हलक्या पिस्टनची कुळकथा

चेनसॉचं सिलिंडर उचललं की हातात येतो तो 50 मिलिमीटर व्यासाचा, सपाट डोक्याचा अॅल्युमिनियमचा पिस्टन. वर एक किंवा दोन पातळ रिंगा, मधून आरपार गजन पिन, खाली दोन बाजूंना पातळ भिंती. या भिंतींना मेस्त्री स्कर्ट म्हणतात. घरच्या शेडमध्ये कानस, डाय-ग्राइंडर आणि सोन्या-चांदीचा छोटा काटा घेऊन बसणारा हौशी माणूस या पिस्टनमधून चार-पाच ग्रॅम काढायला बघतो. ही खटपट कुठून आली याचा माग काढायचा, तर चेनसॉच्या बऱ्याच आधी जावं लागतं. कारण पिस्टनचं खरं वजन त्याच्या हातात यायच्या आधीच उतरलेलं असतं. त्याच्या वाट्याला उरलेले ग्रॅम सगळ्यांत शेवटचे असतात, आणि म्हणूनच सगळ्यांत अवघड.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, आणि त्या रचनेचं मूळ इंग्लंडमधल्या बाथ शहरात आहे. तिथल्या जोसेफ डे यांनी 1889 च्या सुमारास इंजिनाची क्रँककेसच हवा दाबायला वापरली. पुढच्या काही वर्षांत त्यांच्याकडच्या फ्रेडरिक कॉक यांनी आत येणाऱ्या वाटेवरचा झडपेचा पडदाही काढून टाकला आणि ते काम पिस्टनच्या स्कर्टवर सोपवलं. स्कर्टची कड खालीवर होते आणि सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, उघडतात-मिटतात. इथेच या पिस्टनचं नशीब ठरलं. फोर-स्ट्रोकचा पिस्टन निव्वळ दट्ट्या आहे. टू-स्ट्रोकचा पिस्टन दट्ट्याही आहे आणि झडपही. त्याच्यावर कानस चालवणारा एकाच वेळी वजनही कापतो आणि इंजिनाची वेळही बदलतो.

तो पिस्टन बिडाचा होता आणि त्याच्या डोक्यावर उंचवटा होता. ताजं मिश्रण सरळ एक्झॉस्टमधून निसटू नये, त्याला वर वळवावं, म्हणून हा बांध. बांधामुळे डोकं जड झालं आणि तापूही लागलं.

धातू बदलण्याची गोष्ट 1913 ची. डब्ल्यू. ओ. बेंटली तेव्हा लंडनमध्ये डीएफपी या फ्रेंच मोटारी विकत होते. पॅरिसजवळच्या कुर्बव्हा इथल्या कारखान्यात गेले असता त्यांना टेबलावर पिस्टनच्या आकाराचं एक पेपरवेट दिसलं. ते अॅल्युमिनियमचं होतं. मोटारीच्या इंजिनात असा पिस्टन टिकणार नाही, वितळेल, असं तेव्हाचं सर्वसाधारण मत. बेंटलींनी 88 टक्के अॅल्युमिनियम आणि 12 टक्के तांबं अशा मिश्रधातूचे पिस्टन ओतून घेतले, गाडीत बसवले आणि ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर पळवले. पहिलं महायुद्ध पेटल्यावर हीच युक्ती ब्रिटिश विमानांच्या इंजिनांत गेली. या कुळकथेतला मला सर्वाधिक आवडणारा प्रसंग हा. त्या दिवशी टेबलावर कागद दाबून बसलेल्या वस्तूकडे एका माणसाने यंत्राचा भाग म्हणून पाहिलं.

बिडाची घनता 7 च्या वर, अॅल्युमिनियमची 2.7. म्हणजे घरच्या कानशीने जन्मभर घासून जे साधलं नसतं, ते भट्टीत एका ओतणीत साधलं. अडचण एकच होती. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मोकळीक कमी ठेवली तर पिस्टन सीज होतो, जास्त ठेवली तर थंड इंजिन खडखडतं. पुढे सिलिकॉनचं प्रमाण वाढवलेले मिश्रधातू आले आणि फुगणं आटोक्यात आलं. आजच्या करवतीतला पिस्टन याच घराण्यातला.

डोक्यावरचा बांध काढला तो जर्मनीच्या आडॉल्फ श्न्यूर्ले यांनी, 1920 च्या दशकात. दोन बाजूंच्या पोर्टांमधून मिश्रण तिरपं सोडलं की ते मागच्या भिंतीवरून स्वतःच वर चढतं आणि वळसा घेतं. बांधाची गरजच संपली. 1932 पासून डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीने ही रचना मोटरसायकलींत वापरली. पिस्टनचं डोकं सपाट झालं, पातळ झालं, हलकं झालं.

आंद्रेआस स्टिल यांनी 1929 मध्ये पेट्रोलवरची करवत बनवली, पण एका माणसाने पेलायची करवत रुळायला 1950 चं दशक उजाडलं. घरच्या शेडला या कथेत जागा मिळाली ती कॅलिफोर्नियात. तिथे 1956 मध्ये आर्ट इंगल्स यांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली गो-कार्ट केली. तीन वर्षांनी मॅककुलॉक कंपनीने आपल्या चेनसॉच्या इंजिनावरून कार्टसाठी इंजिन आणलं. झाडं तोडणारं इंजिन शर्यतीत उतरलं आणि गॅरेजमधली पोरं ते उघडू लागली. 1973 मध्ये गॉर्डन जेनिंग्ज यांचं टू-स्ट्रोक ट्यूनिंगवरचं पुस्तक आलं आणि अंदाजाने चालणाऱ्या कानशीला गणिताची सोबत मिळाली. 1985 मध्ये अमेरिकेत स्टिलच्या टिंबरस्पोर्ट्स स्पर्धा सुरू झाल्या. त्यातल्या ‘हॉट सॉ’ प्रकारात स्वतः बांधलेली, वाढवलेली करवत चालते.

जेनिंग्ज यांनी पिस्टनच्या त्वरणाचा विचार मांडला, आणि तो हिशेब करून बघण्यासारखा आहे. 50 मिमी बोअर, 36 मिमी स्ट्रोक, म्हणजे 70 सीसीच्या आसपासची करवत घ्या. मिनिटाला 13,500 फेऱ्या. पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटा फिरतो तेव्हा, कनेक्टिंग रॉडची लांबी धरून, त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 4,700 पट ओढ येते. एक ग्रॅम त्या क्षणी 4.7 किलोसारखा ओढतो, सेकंदाला 225 वेळा. पाच ग्रॅम काढले तर रॉड आणि बेअरिंगवरची 23 किलोंहून जास्त ओढ गेली. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने 1985 मध्ये आणलेली यामाहा आरएक्स 100 घ्या, जिचं पोर्टिंग पुण्या-कोल्हापुरातल्या मेस्त्र्यांनी हातखंडा केलं. तिचाही बोअर 50 मिमीच, स्ट्रोक मात्र 50. मिनिटाला 7,500 फेऱ्यांवर तिच्यात एका ग्रॅमचे जेमतेम दोन किलो होतात. करवतीत तोच ग्रॅम दुपटीहून महाग पडतो.

मग काढायचा कुठून? डोक्याला हात लावायचा नाही. स्फोटाचा दाब आणि उष्णता तिथेच येते, पातळ डोक्याला भोक पडतं. इनटेकच्या बाजूची स्कर्टची कड कापली की इनटेक लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो. वजन दोन ग्रॅम उतरलं, पण कमी फेऱ्यांवरची ताकदही उतरली. एक्झॉस्टच्या बाजूला कापलं आणि पिस्टन वर असताना पोर्ट खालून उघडा पडला, तर क्रँककेसमधलं ताजं मिश्रण सरळ बाहेर. राहते ती आतली बाजू, गजन पिनच्या कानांभोवतीची जादा जाडी. तिथेही प्रत्येक कोपरा गोल करून पॉलिश करावा लागतो, नाहीतर तडा त्याच टोकापासून धावतो. माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचे ग्रॅम पिनमध्ये आहेत. पिन पोलादाची, म्हणजे जड. तिच्या पोकळीची दोन्ही तोंडं लेथवर आतून निमुळती मोठी करायची. मधल्या भागाची जाडी तशीच राहते आणि पोर्टांची वेळ तसूभरही हलत नाही.

पुढे क्रँक आडवा येतो. एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकवरचं प्रतिवजन पिस्टनच्या वजनाचा काही हिस्सा तोलतं, आणि तो हिस्सा कारखान्याने मूळ पिस्टन धरून ठरवलेला असतो. पिस्टन हलका झाला की प्रतिवजन जास्त होतं. सिलिंडरच्या दिशेचा हादरा कमी होऊन आडव्या दिशेचा वाढतो, आणि तो हँडलमधून थेट मनगटात येतो. ते सुधारायचं तर क्रँककेस फोडून प्रतिवजनातून पोलाद काढावं लागतं. दिवसभर लाकूड कापणाऱ्याच्या करवतीत म्हणूनच मी पाचेक ग्रॅमवर, तेही जमेल तितके पिनमधूनच काढून, थांबण्याच्या बाजूचा आहे.