ओपन, क्लोज आणि दहावा रुपया

न्यूयॉर्कचा कापूस बाजार सकाळी उघडायचा तेव्हा मुंबईत रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली असायची. पुढे रतन खत्रीच्या मटक्याचं ओपन रात्री नऊला आणि क्लोज बाराला निघू लागलं, ते बहुधा त्याच घड्याळाच्या सवयीने. मडकं, चिठ्ठ्या, पत्ते हे सगळं नंतरचं. आधी होता तो कापूस.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात न्यूयॉर्कचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या रुईबाजारात यायचे. बाजार उघडतानाचा एक, बंद होतानाचा एक. व्यापाऱ्याला पुरा भाव लागायचा. ज्याच्याकडे कापसाची एक गाठही नव्हती त्याला भावाचं शेपूट पुरायचं. उघडत्या भावाचा शेवटचा अंक कोणता आणि बंद भावाचा कोणता, एवढ्यावर पैसे लागत. याला आकड्याचा जुगार म्हणत. खेळणाऱ्याला यात एक मोठा दिलासा होता. आकडा मुंबईत कोणी काढत नसे, तो सातासमुद्रापलीकडून येई. काळबादेवीतला कितीही मोठा सटोडिया न्यूयॉर्कच्या भावाचा शेवटचा अंक आपल्या सोयीने हलवू शकत नव्हता.

1961 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजाराने हे भाव पाठवणं बंद केलं. धंदा बसायला हवा होता. पण कापूस गेला तरी अंक कुठे जातात?

इथून वरळी सुरू होते. कल्याणजी भगत हा कच्छमधल्या रताडियाचा शेतकरी. घराण्याचं आडनाव गाला. भगत ही कच्छच्या राजाने भक्तिभावाबद्दल दिलेली पदवी, असं सांगतात. 1941 मध्ये तो मुंबईत आला, मसाल्याची फेरी केली, किराणा दुकान सांभाळलं. वरळीत दुकान चालवता चालवता कापसाच्या भावावर आकडे घेऊ लागला आणि 1962 मध्ये विनोद महल या इमारतीच्या आवारात त्याचा मटका सुरू झाला. किराणा दुकानदार या धंद्यात पडला याचं मला नवल वाटत नाही. कोणाची उधारी किती वाढू द्यायची आणि कोणाला कुठे थांबवायचं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? ‘कल्याण मटका’ हे नाव त्याच्यावरूनच पडलं. ठाण्यापलीकडच्या कल्याणशी त्याचा काही संबंध नाही, जरी निम्मा महाराष्ट्र तसं समजून चालतो.

रतन खत्री फाळणीनंतर कराचीहून आलेला सिंधी. आधी तो भगतच्याच बरोबर होता. 1964 मध्ये वेगळा झाला आणि त्याने न्यू वरळी मटका काढला. कल्याणचा खेळ आठवड्याचे सातही दिवस, खत्रीचा सोमवार ते शनिवार. नियमांत त्याने थोडा फेरफार केला आणि तो खेळणाऱ्यांच्या बाजूने केला. भाव येत नसतील तर नसलेल्या मालाचे भाव आपणच काढू, ही कल्पनाही त्याच्याच नावावर सांगितली जाते. अंक लिहिलेल्या चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या, एक काढायची, तोच भाव. पुढे चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले, मडकं अडगळीत गेलं, नाव तेवढं राहिलं. खत्रीचा कारभार मुंबादेवीजवळच्या धनजी स्ट्रीटवरून चाले आणि तो पत्ते उघड्यावर काढतो, ही त्याची खरी पुंजी होती. न्यूयॉर्कवरचा विश्वास एका माणसाच्या हातावर आणून ठेवायचा, तर तो हात लोकांना दिसायला हवा.

सोडत कशी होते ते पाहू. कॅटमधून राजा, राणी, गुलाम बाहेर काढायचे. उरतात चाळीस पत्ते. एक्का म्हणजे 1, दश्शी म्हणजे शून्य. तीन पत्ते काढायचे. समजा, पंजी, तिर्री आणि छक्की निघाली. चढत्या क्रमाने लावायची: 356. हा झाला पाना. बेरीज 14, तिचा शेवटचा अंक 4, हे ओपन. क्लोजला पुन्हा तीन पत्ते: दोन अठ्ठ्या आणि दुर्री. 288, बेरीज 18, क्लोज 8. फळ्यावर किंवा पानाच्या टपरीच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं जाई: 356–48–288. मधली 48 म्हणजे जोडी. कापसाचे दोन भाव, उघडता आणि बंद, आपापल्या शेपटासकट असे पत्त्यांत उतरले होते.

आता भाव. एका अंकावर एक रुपया लावला आणि लागला, तर नऊ रुपये. जोडीला नव्वद. अंक दहा आहेत, जोड्या शंभर. म्हणजे दर दहा रुपयांतला एक खाईवालाचा, म्हणजे आकडे घेणाऱ्याचा. सगळी मेख या दहाव्या रुपयात आहे. तो कधी चोरून घेतला जात नाही. पहिल्या दिवसापासून तो भावातच लिहिलेला असतो.

पान्यात गंमत आणखी आहे. पाने एकूण 220. तीन वेगळ्या अंकांचे 120, दोन सारखे असलेले 90, तिन्ही सारखे 10. चाळीस पत्त्यांतून तीन काढायच्या रीती 9880. त्यांत 356 सारखा पाना 64 रीतींनी येतो, म्हणजे साधारण 154 सोडतींत एकदा. 288 सारखा येतो 24 रीतींनी, 412 सोडतींत एकदा. आणि 777? चारच रीती. 2470 सोडतींत एकदा. बाजारात या तिघांना भाव मिळत आला तो साधारण 140, 280 आणि 600 पटीच्या आसपास. पहिल्यात खाईवाल नऊ-दहा टक्के खातो, दुसऱ्यात तिसरा हिस्सा, तिसऱ्यात रुपयातले बारा आणे. खेळणाऱ्याला मात्र सहाशे हा आकडा एकशेचाळीसपेक्षा मोठा दिसतो, आणि तो दिसतो तेवढ्यासाठीच ठेवलेला असतो.

नुसतं नशिबावर कोणी खेळत नाही. प्रत्येकाकडे युक्ती असते. गिरणगावात लालबाग-परळपासून वरळीच्या बीडीडी चाळींपर्यंत खिशात घडी घातलेला चार्ट बाळगणारे होते: मागच्या महिन्या-दोन महिन्यांचे आकडे चौकोनांत भरलेले. त्यांत आडव्या, उभ्या, तिरक्या ‘लाईनी’ शोधायच्या. अंकाचा ‘कट’ बघायचा: एकाचा सहा, दोनाचा सात, तिनाचा आठ, पाच पुढे मोजले की कट. स्वप्नात साप दिसला तर अमुक, टॅक्सीच्या नंबराची बेरीज तमुक, आणि कुठल्याशा बाबाने हातावर ठेवलेली केळी किती होती तेही. पण चार्टवाला या सगळ्यांना हसायचा. त्याचं शास्त्र होतं.

ते शास्त्र आलं कुठून, हा मला या कुळकथेतला सगळ्यात रंजक भाग वाटतो. ते आलं रुईबाजारातून. बाजारात कालचा भाव आजच्या भावाशी काही नातं सांगतो. तेजी-मंदी, पीक, आवक यांचा माग काढता येतो. मागचे भाव मांडून ठेवणं ही व्यापाऱ्याची रास्त सवय. भावाच्या शेवटच्या अंकात त्या नात्याचं फारसं काही उरत नाही, आणि पिसलेल्या पत्त्यांत तर काहीच नाही. पण ओपन-क्लोज जसे वारशाने आले तसा चार्टही आला. वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, वाचणारे उरले होते.

चार्टवरून निघणारा लाडका निष्कर्ष म्हणजे ‘आकडा बसलाय’. समजा, चारचा आकडा दहा दिवस आला नाही, आता येणारच. आणि येईपर्यंत लावत जायचं, वाढवत जायचं. ही युक्ती अडाण्याची नाही, हिशेबी माणसाची आहे, म्हणून तिचा हिशेब करून पाहू. चारावर प्रत्येक सोडतीला दहा रुपये. नऊ सोडती हे परवडतं; नवव्या खेपेला नव्वद घालून नव्वद परत. पुढे चार सोडती वीस-वीस, मग चार सोडती चाळीस, मग चार ऐंशी, मग चार एकशेसाठ. कधीही लागला तरी माणूस फायद्यात, फक्त नवव्या खेपेला बरोबरीत. युक्ती चोख आहे. रोज दोन सोडती, आठवड्याला बारा. पंचविसावी सोडत तिसऱ्या सोमवारच्या ओपनला येते, आणि तोवर खिशातून 1290 रुपये गेलेले असतात. एखादा अंक सलग 25 सोडती न येण्याची शक्यता शंभरात सात. सात म्हणजे थोडी वाटते. पण ज्याला पन्नास-शंभराच्या कमाईची चटक लागली आहे, तो अशी साखळी वर्षात कितीदा सुरू करेल? आणि सव्विसाव्या सोडतीला चार यायची शक्यता तीच, दहात एक. पत्त्यांना माहीत नसतं की ते बसले होते.

फिरंगी कसिनोत याच वाढवत नेण्याच्या चालीला मार्टिंगेल म्हणतात आणि तिथे टेबलाची कमाल मर्यादा तिला आडवी येते. इकडे आडवा येई तो पगार.

1962 हे साल पुन्हा काढतो, कारण त्याच वर्षी अमेरिकेत एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाचं ‘बीट द डीलर’ आलं. ब्लॅकजॅकमध्ये गेलेले पत्ते लक्षात ठेवून कसिनोवर मात करता येते, हे त्याने आयबीएम 704 या संगणकावर मांडून दाखवलं. त्याआधी 1956 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी हातातल्या पत्त्यांवरून कधी ओढावं, कधी थांबावं याचं कोष्टक छापलं होतं. ते पाळलं तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कसिनोचा वरचष्मा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. थॉर्पची युक्ती चालते कारण तिथे वाटलेले पत्ते काही वेळ परत येत नाहीत. कॅटला थोडी स्मरणशक्ती असते. वरळीत प्रत्येक सोडतीला पुन्हा चाळीसच्या चाळीस. चार्टवाला आणि थॉर्प दोघेही मागचं टिपून ठेवत होते, पण दोघांच्या समोरचा खेळ वेगळा होता. कसिनोवाल्यांनी पुढे एक बदल केला तोही वरळीच्या जातीचा: अनेक टेबलांवर ब्लॅकजॅक लागला की दोनास तीनऐवजी पाचास सहा भाव. एवढ्याशा बदलाने वरचष्मा सव्वा-दीड टक्क्याने चढतो. सगळी कोष्टकं पाठ असलेला माणूस भावाची पाटी न वाचता खुर्चीवर बसतो, हे गोव्यात मांडवी नदीतल्या कसिनो-जहाजांवर जाणाऱ्यांनाही लागू.

चुकीच्या युक्त्या फक्त खेळणाऱ्यांच्या नव्हत्या. लहान बुकीचंही वाटोळं व्हायचं. एका अंकावर लोड आला, म्हणजे सगळ्या चाळीने एकच आकडा लावला, तर तो जादा भार वरच्या बुकीकडे उतरवायचा, याला कटिंग म्हणतात. हाव धरून ज्याने कटिंग केलं नाही त्याची पेढी एका रात्रीत बसे. वरचे टिकले ते याच शिस्तीवर. गिरण्यांच्या आसपास टपऱ्या वाढल्या, कारण ठरल्या तारखेला रोख पगार घेणारे हजारो लोक एका भोंग्याच्या अंतरात राहत होते. खत्री आणीबाणीत 19 महिने तुरुंगात राहिला. 1976 चा ‘रंगीला रतन’ हा चित्रपट त्याच्याच पैशाचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने धंदा सोडला आणि 9 मे 2020 रोजी तो वारला. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, 1995 मध्ये पोलिसांनी जोर लावला, बरेच बुकी गुजरात-राजस्थानात सरकले. भगत कुटुंबातली पुढची हकीकत खून आणि जन्मठेपेची आहे, ती इथे नको.

ही कुळकथा कोणाला एका जागी वाचायची असेल तर 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा उघडावा. जुगारगृहाच्या व्याख्येत वेळोवेळी भर पडत आज काय काय आहे: कापूस, सोनेचांदी किंवा अन्य मालाचा बाजारभाव, त्या भावाच्या संख्येतले अंक, पाऊस पडणं न पडणं, पडलेल्या पावसाच्या आकड्यातले अंक, पत्त्यांवरचे अंक आणि त्या अंकांची बेरीज. पागोळ्यांवर पैजा लावणाऱ्या जुन्या मुंबईपासून खत्रीच्या तीन पत्त्यांपर्यंत सगळी वंशावळ सरकारी भाषेत तिथे नांदते आहे. त्याच कायद्याच्या कलम 12 (अ) खाली आजही जिल्ह्याजिल्ह्यांत ‘कल्याण मटका’ घेणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच्या आधीपासून मटका मोबाईलवर गेलाच होता, ओपन, क्लोज, जोडी, पाना, चार्ट सगळं घेऊन. भाव वाढलाय: कुठे दहाला पंचाण्णव, कुठे थेट दहाला शंभर. दहाला शंभर म्हणजे दहावा रुपया सोडलाच. मग अशा ठिकाणी पहिल्यांदा विचारायचं ते हे, की आकडा काढतं कोण, आणि कोणत्या अंकावर किती पैसे लागलेत हे बघून काढतं की न बघता.