स्वयंपाकघरातली वायर आणि सरकारदरबारची नोंद

इंग्लंडमध्ये विजेच्या दिव्यांसाठी पहिली नियमावली १८८२ साली तार-अभियंत्यांच्या संस्थेने केली. तेव्हा भीती आगीची होती. पण घरातल्या वायरिंगची खबर स्थानिक प्राधिकरणाला देण्याचे बंधन त्या नियमांत नव्हते. इंग्लंड-वेल्समध्ये ते आले थेट १ जानेवारी २००५ रोजी, इमारत नियमावलीच्या ‘भाग पी’मधून!

नवे सर्किट, फ्यूजबोर्ड बदलणे, न्हाणीघर वा स्वयंपाकघरात नवा सॉकेट वाढवणे, या सर्वांची नोंद सक्तीची झाली. जुना सॉकेट बदलणे मात्र मोकळे. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनचे काम झाल्यावर ३० दिवसांत कळवले की पुरे. इतरांनी आधीच कळवायचे.

स्वयंपाकघर यादीत का, हे समजायला २००४ची लंडनमधली एक घटना पुरेशी आहे. भिंतीत तिरकी टाकलेली वायर, तिला लागलेला भांड्यांच्या धातूच्या रॅकचा स्क्रू, रॅकमध्ये उतरलेला प्रवाह आणि एका महिलेचा मृत्यू.

तरीही एप्रिल २०१३मध्ये, नियमांचा भार हलका करताना, इंग्लंडने स्वयंपाकघर वगळले. (मला हे घाईचे वाटते.) वेल्सने ते ठेवले. त्यामुळे ओट्यावरचा तोच नवा सॉकेट सीमेच्या एका बाजूला नोंदवावा लागतो, दुसऱ्या बाजूला नाही.