अब्बांचा तोल

नमाजाआधी वजू करताना अब्बा एक हात भिंतीला टेकवत. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले, की ते डोलू लागत. १९८०च्या सुमारास क्षयासाठी त्यांनी स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया महिनोन् महिने घेतल्या होत्या. खोकला थांबला, अब्बा वाचले. पण फजरच्या अंधारात मशिदीकडे निघाले, की माझा खांदा धरत. अशक्तपणा आहे, असं घरात सगळे म्हणत. मीही तेच धरून चाललो.

पुढे वाचनात आलं, ते असं. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या जिवाणूपासून हे औषध मिळालं. (श्रेयावरून गुरु-शिष्य कोर्टात गेले, १९५२चं नोबेल एकट्या गुरूला मिळालं. असो.) १९४८ साली ब्रिटनमधल्या चाचणीचा अहवाल आला. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ जण सहा महिन्यांत दगावले. सुई घेतलेल्या ५५ पैकी चौघेच. मात्र या ५५ पैकी ३६ जणांना गरगरू लागलं, बहुधा चौथ्या-पाचव्या आठवड्यात. म्हणजे डॉक्टरमंडळींना हे तेव्हापासून ठाऊक होतं! अब्बांना कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आपल्या कानात ऐकण्याच्या इंद्रियाशेजारीच तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. डोकं कुठे वळलं, कुठे कललं, हे तिथल्या बारीक केसाळ पेशी मेंदूला कळवतात. हे औषध त्या पेशीच मारतं आणि झालेली हानी सहसा भरून येत नाही. मग माणूस डोळ्यांच्या आणि तळपायांच्या भरवशावर उभा राहतो. अंधारात डोळ्यांचा आधारही जातो.

गुडघ्याच्या क्षयासाठी हीच सुई घेतलेल्या एका अमेरिकी डॉक्टरने १९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्वतःची हकिकत लिहिली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला पानावरची अक्षरं उडत. वाचता यावं म्हणून तो पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं घट्ट अडकवून बसे.

ते वाचलं आणि मला आमची एसटी आठवली. चालत्या गाडीतून अब्बा गावांच्या पाट्या मला वाचायला लावत. मुलाला अक्षरओळख व्हावी म्हणून लावतात, असं मी समजत होतो.