अभ्यासक्रम कोणाचा, परीक्षा कोणाची

स्थानिक मुलांना परदेशी अभ्यासक्रम शिकवण्याची मुभा शाळांना असावी की नसावी, हा प्रश्न मुंबई-पुण्यात केंब्रिज आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट यांच्याशी संलग्न शाळा वाढू लागल्यापासून पुन्हा विचारला जात असला, तरी मुंबई इलाख्याच्या शैक्षणिक इतिहासात तो जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे. त्याचे प्रत्येक रूप तपासले असता एक गोष्ट वारंवार आढळते. मुलांच्या हाती पडलेले पुस्तक मुळात कोणत्या देशात लिहिले गेले यापेक्षा त्या शिक्षणाची परीक्षा कोण घेतो आणि तिच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या व उच्च शिक्षणाच्या दारात कोण मान देतो, यावरच शाळेचे स्वरूप ठरत आले आहे.

पेशवाईच्या अखेरीस गावोगावी चालणाऱ्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडी वाचन-लेखन, उजळणी, पावकी-निमकी आणि व्यवहारातला हिशेब एवढाच बेत असे. तिथे छापील पुस्तक नव्हते आणि बाहेरच्या कोणी घ्यावी अशी परीक्षाही नव्हती. मुलाला हिशेब जमतो की नाही, हे पेढीवर किंवा कुळकर्ण्याच्या दप्तरात कळत असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाल्यावर जी नवी व्यवस्था उभी राहू लागली, तिची पहिली अडचण पुस्तकांची होती, आणि पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने ती भाषांतरांच्या मार्गाने सोडवली. सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘बाळमित्र’ हा बर्क्वँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकाचा इंग्रजीवरून केलेला मराठी अवतार होता. लष्करी अभियंता असलेल्या जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत देशी तरुणांना भूमिती व मोजणी मराठी-गुजरातीतून शिकवण्यासाठी इंग्रजी गणितग्रंथ शास्त्रीमंडळींच्या साह्याने मराठीत आणले. विषय परका, मांडणी परकी, परंतु शिकवण्याची भाषा घरची आणि परीक्षकही येथलाच, अशी ही रचना होती. तिने मराठी गद्याला व शास्त्रीय परिभाषेला दिलेले वळण पाहता केवळ परकेपणाच्या कारणाने अभ्यासक्रम त्याज्य ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही.

पहिला मोठा संघर्ष १८४७-४८ मध्ये झाला. शिक्षणाचा कारभार १८४० पासून ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या मंडळाकडे होता आणि त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे, की उच्च ज्ञान इंग्रजीतूनच द्यावे आणि मोजका पैसा थोड्या विद्यार्थ्यांच्या उत्तम शिक्षणावर खर्च करावा. या भूमिकेला मंडळातील जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही देशी सभासद आणि त्यांच्या बाजूने तेच कर्नल जर्व्हिस यांनी विरोध केला. पाश्चात्त्य विद्या लोकांच्या भाषेत पोहोचली तरच ती लोकांची होईल, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता, आणि तो मांडणारे जगन्नाथ शंकरशेट हे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन या पाश्चात्त्य शिक्षण देणाऱ्या संस्थेचे आधारस्तंभ होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण या बाजूला ‘जुन्या विद्येचे कैवारी’ ठरवणे अन्यायाचे आहे. वाद सरकारपुढे गेला, निर्विवाद निकाल लागला नाही, आणि व्यवहारात वरच्या शिक्षणाची भाषा इंग्रजीच राहिली.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, म्हणजे ते स्वतः न शिकवता संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. त्याच्या प्रवेश परीक्षेला मॅट्रिक्युलेशन, लोकांच्या तोंडी मॅट्रिक, म्हणत. १८५९ च्या पहिल्याच परीक्षेत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले. या परीक्षेने थोड्याच वर्षांत इलाख्यातील सर्व माध्यमिक शाळांचा अभ्यासक्रम ठरवून टाकला आणि त्यासाठी कोणत्याही सक्तीच्या हुकमाची गरज पडली नाही, कारण मॅट्रिक झालेल्यालाच महाविद्यालयाची वाट मोकळी होती आणि सरकारी नोकरीतही तिचे वजन होते. पदवीच्या अभ्यासक्रमातून देशी भाषा १८६० च्या दशकात वगळल्या गेल्या. त्या परत आणण्यासाठी रानडे यांनी अनेक वर्षे खटपट केली आणि एम.ए. च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळण्याचा निर्णय १९०१ मध्ये त्यांच्या निधनाच्या सुमारास झाला. ज्या विद्यापीठाने रानड्यांना घडवले त्याच्याच दारी त्यांच्या मातृभाषेला जवळजवळ चार दशके ताटकळावे लागले, ही हकिकत आजही मनाला लागते.

परीक्षेची पकड किती घट्ट होती, हे विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलवरून दिसते. संस्थापक देशाभिमानी, शिक्षक स्वार्थत्यागी, मालकी पूर्णपणे एतद्देशीय. तरीही शाळेचे यश मॅट्रिकच्या निकालावर आणि संस्कृतसाठी मिळणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीवर मोजले गेले. शाळा स्वकीयांची झाली, परंतु परीक्षा त्यांची नव्हती, म्हणून अभ्यासक्रमही त्यांचा होऊ शकला नाही.

याच काळात जोतीराव फुले यांनी या चर्चेला निराळी आणि अधिक खोल दिशा दिली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगापुढे, सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः कष्टकरी रयतेकडून, आणि उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या जातींना मिळतो. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य व नीतीचे काही पाठ असावेत, अशी त्यांची मागणी होती. मात्र परकी विद्येला त्यांचा विरोध नव्हता. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिक्षणाचा मनापासून गौरव केला आहे, आणि फुल्यांनी याच निवेदनात महाविद्यालयाबाहेर खासगी अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या परीक्षा खुल्या असाव्यात, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. शिक्षण देशी की विदेशी यापेक्षा ते कोणाच्या पैशाने चालते आणि कोणाच्या मुलांपर्यंत पोहोचते, हा त्यांचा प्रश्न होता. अभ्यासक्रमावरील आजच्या चर्चेत तो सर्वांत कमी विचारला जातो, आणि ही उणीव गंभीर आहे.

स्वतंत्र अभ्यासक्रम उभारण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांची किंमतही द्यावी लागली. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय तळेगाव दाभाडे येथे राष्ट्रीय शिक्षणाच्या, म्हणजे सरकारी परीक्षा व अनुदान यांपासून अलिप्त राहून मातृभाषेतून व्यवसायासह द्यावयाच्या शिक्षणाच्या तत्त्वावर चालत होते. १९०८ मध्ये विजापूरकर राजद्रोहाच्या खटल्यात अडकले आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालयावर बंदी आणली. धोंडो केशव कर्वे यांचे महिला विद्यापीठ अधिक टिकाऊ ठरले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून स्फुरलेली ही कल्पना १९१६ मध्ये पुण्यात साकार झाली. शिक्षण मराठीतून, इंग्रजी हा सक्तीचा विषय, आणि गृहशास्त्र व आरोग्य यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान. पदवीचे नाव होते गृहीतागमा, संक्षेपाने जी.ए. प्रेरणा परदेशातून घेऊनही संस्था येथल्या स्त्रियांच्या गरजांवर बेतता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. तरीही या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळण्यास १९५१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तोवर जी.ए. झालेल्या स्त्रियांच्या पदवीला सरकारमान्य पदवीचा दर्जा नव्हता.

शब्दशः परदेशी म्हणावी अशी परीक्षा या काळात युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांच्या शाळांमध्ये चालत असे. केंब्रिज विद्यापीठाने १८५८ मध्ये इंग्लंडमधील शाळांसाठी सुरू केलेल्या परीक्षा पुढे वसाहतींत पोहोचल्या आणि मुंबई इलाख्यातील अशा शाळांतून हिंदी मुलेही त्यांना बसू लागली. स्वातंत्र्यानंतर या परीक्षांवर बंदी आली नाही. मौलाना आझाद यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये भरलेल्या परिषदेत त्यांच्या जागी अखिल भारतीय परीक्षा आणण्याचा विचार झाला, १९५८ मध्ये त्यासाठी भारतीय परिषद स्थापन झाली आणि केंब्रिजचा कारभार क्रमाक्रमाने तिच्याकडे आला. आज ‘आयसीएसई’ या नावाने घरोघर माहीत असलेल्या परीक्षेचा उगम तिथे आहे. शाळा, शिक्षक आणि बरीचशी पुस्तके तीच राहिली, बदलला तो परीक्षक, आणि तेवढ्याने ही परीक्षा भारतीय झाली.

गोव्यात हा बदल एका झटक्यात झाला. पोर्तुगीज अमलात सरकारी प्राथमिक शाळेत आणि पणजीच्या लिसेंवमध्ये, म्हणजे १८५४ पासून चालत आलेल्या माध्यमिक विद्यालयात, पोर्तुगालचा इतिहास-भूगोल शिकवला जाई, तर गावातील खासगी मराठी शाळा देवळांच्या व दात्यांच्या आधाराने चालत. १९६१ मध्ये हा अंमल संपल्यावर पोर्तुगीज प्रमाणपत्रांचा उपयोग सरला आणि काही वर्षांतच पोर्तुगीज माध्यमाचे शिक्षण जवळपास नाहीसे झाले. सरकारी पाठबळ नसलेल्या मराठी शाळा मात्र त्या स्थित्यंतराला पाया म्हणून उपयोगी पडल्या.

महाराष्ट्रात शालान्त परीक्षा स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे गेली आणि १९६७ मध्ये पाठ्यपुस्तकांसाठी ‘बालभारती’ स्थापन झाली. परदेशी मंडळांच्या शाळा पुढे आल्या त्या या व्यवस्थेच्या बाहेर, आणि प्रामुख्याने भरपूर शुल्क देऊ शकणाऱ्यांसाठी. मुंबई महानगरपालिकेने अलीकडे आपल्या काही शाळांत केंब्रिजसारखा अभ्यासक्रम मोफत उपलब्ध करून दिला, ही घटना फुल्यांच्या निकषावर महत्त्वाची ठरते, कारण परकी अभ्यासक्रमाचा लाभ सार्वजनिक पैशातून कष्टकऱ्यांच्या मुलांना मिळण्याची शक्यता तिने प्रथमच निर्माण केली. अशा शाळांना सरसकट मनाई करणे या इतिहासाच्या आधारे समर्थनीय ठरत नाही. मात्र मान्यता देताना राज्याने आपली अट घालणे सर्वस्वी योग्य आहे, आणि १९५८ चे उदाहरण तेच सांगते.

अशी अट २०२० च्या कायद्याने घातली गेली, ज्यानुसार राज्यातील कोणत्याही मंडळाच्या शाळेत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. परंतु २०२३ मध्ये इतर मंडळांच्या शाळांना काही तुकड्यांपुरती अशी सवलत देण्यात आली, की मराठीचे मूल्यमापन गुणांऐवजी श्रेणीने व्हावे आणि ते एकूण निकालात धरले जाऊ नये. मराठी वेळापत्रकात राहिली, निकालातून वगळली गेली. आणि जे निकालात धरले जात नाही त्याचा अभ्यास कोणत्या शाळेत मन लावून होतो, हे १८६० च्या दशकातच या इलाख्याला कळून चुकले होते.