पट्टा-तलवार शिकलेले नामवंत (महाराष्ट्र)

दांडपट्टा, तलवार, फरीगदगा, भाला, लाठी ही हत्यारे वस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या, पण पुढे वेगळ्याच कामासाठी ओळखल्या गेलेल्या महाराष्ट्रातील व्यक्तींचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. शस्त्र हाच ज्यांचा पेशा होता ते सरदार, शिलेदार आणि गडकरी येथे अभिप्रेत नाहीत. जपानी खड्गविद्या शिकलेले पंतप्रधान, कादंबरीकार आणि नट जगाला ठाऊक आहेत. आपल्याकडे समाजसुधारक, क्रांतिकारक, योगसंशोधक आणि चित्रपटनट असे या परंपरेचे शिष्य होऊन गेले, परंतु त्यांच्या चरित्रांत तालमीला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. ज्यांनी शिकवले त्या वस्तादांच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही.

पट्टा आणि त्याची साधना : पट्ट्याचे पाते सरळ, लांब, दुधारी आणि लवचीक असते. मूठ तलवारीसारखी उघडी नसते. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो आणि आतील आडवी दांडी मुठीत धरायची असते. त्यामुळे मनगट जखडले जाते. तलवारीत जे काम मनगट करते ते पट्ट्यात कोपर, खांदा, कंबर आणि पाय यांना करावे लागते. म्हणूनच वस्ताद नवशिक्याच्या हाती पट्टा लगेच देत नाहीत. आधी पवित्रे, म्हणजे पायांची ठेवण आणि फेर पक्के करून घेतात. मग लाठी, मग फरीगदगा. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी आणि फरी म्हणजे लहान ढाल. जोडीदारावर खराखुरा वार करावा आणि त्याला जखम होऊ नये, अशी ही सरावाची सोय आहे. केंदो या जपानी खड्गविद्येत बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली ‘शिनाई’ हेच काम करते. फरक पुढे पडला. शिनाईभोवती चिलखत, गुण, पंच आणि स्पर्धा उभ्या राहिल्या. फरीगदगा मात्र अनेक ठिकाणी प्रात्यक्षिकापुरता उरला.

पट्ट्याच्या प्रात्यक्षिकात लिंबू कापण्याचा प्रकार प्रेक्षकांना सर्वाधिक आवडतो. आडव्या झालेल्या किंवा उकिडव्या बसलेल्या जोडीदाराच्या तळहातावर लिंबू ठेवतात. पट्टेकरी सलामी देतो, रिंगण मोकळे करून घेतो, दोन-चार फेर घेत अंतर जोखतो आणि पाते खाली आणतो. लिंबाच्या फोडी होतात, तळहाताला ओरखडाही उठत नाही. पाहणाऱ्याचे लक्ष पात्याकडे असते. जाणकाराची नजर पट्टेकऱ्याच्या पुढच्या पायावर खिळते, कारण अंतर चुकते ते तिथे. लिंबू धरणाऱ्याचा हात स्थिर राहतो तो वर्षानुवर्षे एकाच तालमीत घाम गाळल्यामुळे.

जुने दाखले : पार्श्वभूमीसाठी येथे काही लढवय्येही घेतले आहेत. शिवकाळातील प्रसिद्ध उदाहरण जिवा महालाचे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याचा पट्टा शिवाजी महाराजांवर उगारला गेला, तेव्हा जिवाने त्याचा हात छाटला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्यावरून पडली. पेशवाई बुडाल्यावर ही विद्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने काही काळ टिकली. मल्लखांबाची परंपरा ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते बाळंभट देवधर याच बाजीरावाच्या पदरी होते. मनुताई तांबे, म्हणजे पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई, नानासाहेबांबरोबर घोड्यावर बसणे आणि तलवार चालवणे शिकली ती बिठूरलाच. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ ती पडली तेव्हा तिच्या हाती तलवारच होती.

लहुजी वस्तादांची तालीम : या विषयातील सर्वांत महत्त्वाचे नाव लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१) यांचे. ते मातंग समाजातील. वडील राघोजी पेशव्यांच्या चाकरीत होते आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पडले. राज्य गेले, चाकरी गेली. अशा वेळी लहुजींनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम चालवली. तेथे कुस्तीबरोबर दांडपट्टा, तलवार, भाला आणि नेमबाजी शिकवली जात असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील वस्तादाच्या पायाशी बसून सर्व जातींची मुले शस्त्र शिकत होती. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात ही गोष्ट किती मोठी होती, हे मुद्दाम सांगायला हवे. शाळेच्या ओट्यावर जे शक्य नव्हते ते तालमीच्या मातीत घडत होते.

जोतीराव फुले (१८२७–१८९०) या तालमीचे शिष्य. आपण दांडपट्टा आणि निशाण मारण्याची कसरत कोणाकडे शिकलो, हे त्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात लहुजींचे नाव घेऊन सांगितले आहे. गुरूचा असा छापील उल्लेख हा या सगळ्या विषयातील फार मोलाचा पुरावा आहे. इंग्रजांना हुसकावून लावावे ही तरुणपणची ऊर्मी पुढे मागे पडली आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. पण तालमीतले नाते तुटले नाही. फुल्यांच्या शाळांना लहुजींचा भक्कम पाठिंबा होता. साळवे घराण्यातील मुक्ता ही फुले दांपत्याच्या शाळेची विद्यार्थिनी. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. एका तालमीचा धागा असा शाळेपर्यंत पोहोचला.

दुसरे ठळक शिष्य वासुदेव बळवंत फडके (१८४५–१८८३). पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणाऱ्या या माणसाने लहुजींच्या तालमीत हत्यारे चालवायला शिकून घेतले आणि १८७९ मध्ये रामोशी, मांग, कोळी, धनगर साथीदारांना घेऊन इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारले. त्याच वर्षी जुलैत सोलापूरच्या शेजारच्या विजापूर मुलखात देवर नावदगी येथे त्यांना पकडण्यात आले. एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. लोकमान्य टिळक आणि आगरकर यांची नावेही या तालमीच्या संदर्भात घेतली जातात. मात्र टिळकांनी कॉलेजातील एक वर्ष शरीर कमावण्यात घालवले ते प्रामुख्याने कुस्ती, जोर आणि पोहणे यांत. त्यांना पट्टेकऱ्यांत बसवण्याचा मोह टाळावा. फुले आणि फडके ही दोन नावे या तालमीची थोरवी पटवायला पुरेशी आहेत.

दोन कायदे, दोन वाटा : जपानच्या मेइजी सरकारने १८७६ मध्ये हुकूम काढून सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी केली. हिंदुस्थानात व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. दोन्हीकडे खड्ग एकाच सुमारास रस्त्यावरून हटले. जपानमध्ये साकाकिबारा केनकिची यांनी १८७३ पासूनच तिकीट लावून तलवारबाजीचे जाहीर सामने भरवले आणि बेकार झालेल्या वस्तादांची चूल पेटती ठेवली. पुढे पोलीस दलाने ही विद्या उचलली. १८९५ मध्ये क्योतो येथे ‘दाइ निप्पोन बुतोकुकाइ’ ही संस्था निघाली आणि १९११ मध्ये केंदो माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शिरला. स्वतःच्या सरकारने तलवार काढून घेतली आणि काही दशकांत त्याच सरकारने तिची विद्या शाळेत आणली. आपल्याकडे हत्यारे परक्या सरकारने काढून घेतली. त्याला ही विद्या जगवण्यात नव्हे, मारण्यातच रस होता. महाराष्ट्रातील परंपरा क्षीण का झाली, याचे मुख्य कारण हे आहे. आपल्या तालमींचा आळस हे कारण त्यानंतरचे.

जपानची बाजू नुसती उजळ नाही. खड्गविद्येचा लष्करी अवतार चीनवरील आक्रमणात दिसला. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताबा-सरकारने केंदोवर बंदी घातली. १९५२ मध्ये अखिल जपान केंदो महासंघ स्थापन झाला, तेव्हा केंदो खेळ आणि आत्मशिस्त या रूपात परतला. कादंबरीकार युकिओ मिशिमा यांनी केंदोतील पाचवी दान, म्हणजे पाचवी श्रेणी, मिळवली होती. र्‍युतारो हाशिमोतो हे १९९६ ते १९९८ या काळातील पंतप्रधान केंदोचे आयुष्यभराचे साधक. १९९५ च्या मोटार-व्यापाराच्या वाटाघाटींत अमेरिकी प्रतिनिधींबरोबर शिनाईसह निघालेले त्यांचे छायाचित्र जगभर छापले गेले. यांपैकी प्रत्येकाची श्रेणी सांगता येते, कारण ती देणारी संस्था आहे. फुले पट्ट्यात कुठवर पोहोचले होते हे मोजायला आपल्याकडे मापच नव्हते.

बडोदे आणि अमरावती : विसाव्या शतकात या विद्येला संस्थेचे रूप देण्याचे दोन मोठे प्रयत्न मराठी माणसांनी केले. बडोद्यात प्रो. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात देशी शस्त्रे, कुस्ती आणि देशी भाषेतील आज्ञांवर चालणारा संघव्यायाम यांची सांगड घातली. जगन्नाथ गणेश गुणे यांनी १९०७ पासून तीन वर्षे त्यांच्याकडे शिक्षण घेतले. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद, लोणावळ्याच्या कैवल्यधामचे (१९२४) संस्थापक. योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या या माणसाची शारीरिक शिस्त आखाड्यात घडली होती. बडोद्याचेच दुसरे ऋण म्हणजे दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी सिद्ध केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’. जे फक्त वस्तादांच्या अंगात होते ते त्यांनी पवित्र्या-पवित्र्याने कागदावर आणले. या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने या कोशापुढे नतमस्तक व्हावे, अशी ही कामगिरी आहे.

अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. शिवराम हरी राजगुरू (१९०८–१९३१) येथे व्यायाम आणि शस्त्रांचे शिक्षण घेऊन गेले. भगतसिंगांबरोबर फासावर गेलेल्या राजगुरूंचे नाव निघाले की पिस्तूलच आठवते, पण त्याआधी या आखाड्याची माती त्यांच्या अंगाला लागली होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली.

पडद्यावरील तलवार : कोल्हापूरच्या पेठांतील तालमी आणि तेथील चित्रपटव्यवसाय शेजारी-शेजारी वाढले. बाबूराव पेंटर यांच्या ‘सिंहगड’मध्ये (१९२३) व्ही. शांताराम यांनी शेलारमामा रंगवला. ‘उदयकाल’मध्ये (१९३०) ते शिवाजी महाराज झाले. मास्टर विठ्ठल हे तलवारबाजीच्या मूकपटांचे सर्वांत लोकप्रिय नायक. त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१४ मार्च १९३१) त्यांनाच मिळाला, पण संवाद बोलताना अडचण आली आणि अंगभूत चपळाई तिथे उपयोगी पडली नाही. पुढे भालजी पेंढारकरांनी ऐतिहासिक चित्रपटाला घोडे, मैदान आणि हत्यारे यांची भारदस्त चौकट दिली. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) आणि ‘छावा’ (२०२५) या चित्रपटांसाठी रणवीर सिंग, दीपिका पदुकोण आणि विकी कौशल यांनी घोडेस्वारी व तलवारीचे प्रशिक्षण घेतले.

भूमिकेपुरते शिकणे आणि विद्या साधणे यांत अंतर आहे. ‘सेव्हन सामुराई’ या जपानी चित्रपटासाठी (१९५४) दिग्दर्शक कुरोसावांनी कातोरी शिंतो-र्‍यू या पंधराव्या शतकापासूनच्या परंपरेतील सुगिनो योशियो यांना बोलावले होते आणि चित्रपटाच्या अभ्यासकांना त्यांचे नाव ठाऊक आहे. मराठी ऐतिहासिक चित्रपटाचा प्रेक्षक मात्र नटाच्या नावाने शिट्ट्या वाजवतो आणि त्या नटाचा हात ज्यांनी बसवला त्या वस्तादाचे नाव त्याला कधीच कळत नाही. निर्मात्यांनी हे नाव नायकाच्या नावाखालोखाल, ठळक अक्षरांत द्यावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही.

सद्यःस्थिती : फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. हा मान योग्यच, पण मानाने मैदान मिळत नाही. २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत पंजाबचा गतका, केरळची कळरिपयट्टू आणि मणिपूरची थांग-ता यांना स्थान मिळाले. महाराष्ट्राकडून मल्लखांब होता, पट्टा-लाठीचे मर्दानी खेळ नव्हते. वार कोणता, गुण कशाला, बाद केव्हा, हे लिहून ठरवलेले असले की स्पर्धा भरते. कोल्हापूर, पुणे, सातारा येथील आखाड्यांत हात, म्हणजे वारांचे प्रकार, वेगळे आणि त्यांची नावेही वेगळी. एक नियमावली व्हायची तर आधी सगळ्यांना एका मैदानात बसावे लागेल. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब पात्याच्या हत्यारांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि मिरवणुकीत उघडी तलवार काढणे गुन्ह्याला निमंत्रण ठरते. त्यामुळे सरावासाठी बोथट पाते, लाठी आणि फरीगदगा हाच सरळ मार्ग आहे. तोच जुन्या वस्तादांचाही होता.

ही विद्या अजून जिवंत असलेल्या ठिकाणांपैकी एक सोलापूर. या शहराच्या मिरवणुका लेझमीसाठी नावाजलेल्या आहेत. शिवजयंतीला लेझमीच्या जोडीने लाठी आणि पट्ट्याची पथकेही उतरतात. सात रस्त्यासारख्या मोठ्या चौकात रिंगण पडले की पट्ट्याला हवी तेवढी मोकळी जागा मिळते आणि गर्दीही आपोआप मागे सरते. अशा पथकांना शिकवणारी वयस्क माणसे पेठापेठांतून अजून भेटतात. त्यांचे पवित्रे, हातांचा क्रम, प्रत्येक हाताचे नाव आणि आपल्या गुरूची त्यांना आठवत असलेली परंपरा हे सारे चित्रित करून घ्यावे आणि लिहून काढावे. शहरातील महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी आणि शिवजयंती मंडळांनी हे काम येत्या जयंतीची वाट न पाहता हाती घ्यावे.