मिशनरी आणि ख्रिस्तेतर मराठी समाज : स्नेहसंबंध

परमुलखातून आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी महाराष्ट्रातील ख्रिस्तेतरांशी जोडलेले संबंध. शाळा, छापखाना, दवाखाना यांमुळे ओळखी भरपूर झाल्या. स्नेह मात्र टिकला तो मिशनऱ्याने शिकवण्याआधी शिकायचे ठरवले तिथे. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत पारशी मुले हौसेने येत. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतली. विल्सन काही अडाणी नव्हते. हिंदू आणि पारशी धर्मग्रंथ ते कसून वाचत, पण खंडनासाठी. आणि समोरच्याला ते कळत होते. तेव्हा नुसता व्यासंग पुरत नाही, तो कशासाठी केला हेही माणसे पाहतात.

याउलट उदाहरण जस्टिन अ‍ॅबट (१८५३–१९३२) यांचे. अमेरिकन मराठी मिशनचे हे धर्मोपदेशक १९१० मध्ये निवृत्त झाले आणि उतारवयात मराठी संतांच्या इंग्रजी अनुवादाची माला त्यांनी हाती घेतली. भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांच्या बरोबरीने तीत दासोपंतही आहेत. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे हे संतकवी. कापडाच्या लांबलचक पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून काढणारे. मराठीजनांतही दासोपंतांची नावापुरतीच ओळख असणारे कमी नाहीत, हे ध्यानात घेतले की अ‍ॅबट किती आत शिरले होते ते कळते. महिपतींच्या संतचरित्रांच्या अनुवादात पंडित नरहर गोडबोले त्यांचे सहकारी होते. अशा कामात मिशनऱ्याला पंडिताची गरज असते, आणि बरोबरीचे नाते जुळते ते इथेच.

यावर रास्त आक्षेप असा की, ज्यांना गावच्या शाळेत बसू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी देणारा मिशनरीच मोलाचा होता. संतवाङ्मयाचा व्यासंग ही वरच्या जातींची चैन. आक्षेपातील पहिला भाग मान्यच करावा लागतो. मात्र अहमदनगरला सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आलेल्या जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८४८ मध्ये स्वतःची शाळा काढली. बाप्तिस्मा काही घेतला नाही, आणि तरी मिशनऱ्यांशी त्यांचे सख्य राहिले. अट नसलेले देणे स्नेहाच्या आड येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : नारायण वामन टिळकांच्या धर्मांतरापूर्वी त्यांच्याशी पत्रव्यवहार करणारे अ‍ॅबटच होते, मग त्यांची मैत्री निर्हेतुक कशी? ती तशी नव्हतीच. १८९५ च्या बाप्तिस्म्याने टिळकांचे घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १९०० मध्ये. पण हेतू असणे वेगळे आणि हेतू फसला की पाठ फिरवणे वेगळे. टिळकांना स्वतःला हा फरक चांगला उमगला असावा : १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.